सोपान आप्पांचं विमान

शिरूरला रेल्वे नाही. फाटक नाही, मालधक्का नाही, पहाटे दुरून येणारी शिट्टी नाही. बाहेरगावचे लोक याबद्दल हळहळतात. सोपान आप्पांनी मात्र शिरूर निवडलं ते नेमकं याचसाठी. सगळी नोकरी त्यांनी दौंडला राहून रेल्वेच्या इंजिनात काढली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांना असं गाव पाहिजे होतं जिथं रूळ नजरेला पडणार नाही. त्यामागं एक लाल सिग्नल होता आणि विलास नावाचा त्यांचा असिस्टंट होता. ते मला पुढं कळलं. आधी कळलं ते एवढंच, की या माणसाला घरात बसून विमान चालवायचं आहे.

माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे, एसटी स्टँडकडून मार्केट यार्डाला जाताना. विक्री, दुरुस्ती, असेंब्ली. मी बीसीएस, आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आईबापांनी शेवंती तोडून तोडून मला शिकवलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तर दुकान उघडून फार दिवस झाले नव्हते तेव्हा आप्पा आले. उंच, पांढरा शर्ट खोचलेला, मनगटावरच्या घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला. काउंटरशी उभं राहून त्यांनी आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं, आणि मगच तोंड उघडलं.

"मॅडम, विमानाचा गेम चालंल असा कॉम्प्युटर पाह्यजे."

"नातवाला का?"

"मला."

मी हसले नाही. याचं श्रेय मी स्वतःला अजून देते. त्यांनी मोबाइल काढून माझ्यापुढं धरला. गेमला काय काय लागतं त्याची माहिती होती, किमान एक आणि शिफारस केलेलं एक.

"ह्ये मिनिमम म्हंजी काय? ह्याच्यात गाडी चालती का नुस्ती हालती?"

"मिनिमम म्हणजे गेम उघडतो, आप्पा. रेकमेंडेड म्हणजे चालतो. आणि तुम्ही व्हिडिओत जे बघून आलाय ते या दोन्हींत बसत नाही."

"म्हंजी तिसरं बी हाय."

"आहे ना. ते लिहीत नाहीत."

आप्पा एकदम खूश झाले. खरं बोलणारं माणूस भेटलं की त्यांचा चेहरा असा उजळायचा. मग त्यांनी आपली अट सांगितली. ढग कमी असले तरी चालतील, झाडं नसली तरी चालतील, पण धक्का नको. "चांगला ड्रायव्हर म्हंजी काय? गाडी सुटलेली झोपलेल्याला कळली न्हाई पाह्यजे."

मी त्यांना समजावलं की पडद्यावर दिसतं ते एकामागून एक येणारी चित्रं असतात. विमान कुठं आहे, वारा किती, खाली काय आहे, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो, आणि चित्र काढतं ते ग्राफिक्स कार्ड. दोघांची चाल जमली नाही की एकाला दुसऱ्यासाठी थांबावं लागतं. ते थांबणं म्हणजेच धक्का.

"कोण कुणासाठी थांबतंय?"

"या गेममध्ये बहुतेक वेळा कार्ड थांबतं प्रोसेसरसाठी. लोक सगळा पैसा भारी कार्डात घालतात, आणि मोठ्या शहरावर गेलं की विमान अडखळतं. मग मला शिव्या देतात."

"म्हंजी रॅम वाढवली की झालं."

"नाही. पुरेशी असली की बास. जास्त घातली म्हणून पळत नाही."

"बरं, हार्डडिस्क मोठी घेतली तर?"

"नाही हो आप्पा. त्यानं गेम लवकर उघडेल. धक्का तसाच राहील."

"मंग साधंच कार्ड टाका, सगळा जोर प्रोसेसरवर."

"तेही नाही. एक बैल म्हैसूरचा आणि एक शेळी, अशी जोडी जुंपता का तुम्ही?"

आप्पांनी काउंटरवर थाप मारली. "द्या मंग. तुमच्या मनानं जोडा." मला त्या दिवशी वाटलं, म्हातारा फार अडाणी प्रश्न विचारतो. ते मुद्दाम चुकीचं बोलत होते. मी तोंडावर नाही म्हणते का, तेवढंच त्यांना बघायचं होतं. त्या परीक्षेत पास झाल्यावर मी त्यांच्या लेखी 'इंजिनेर' झाले. मी इंजिनिअर नाही, बीसीएस आहे, असं दहादा सांगितलं. "एकच की," म्हणायचे.

कॉम्प्युटर बसवायला मी त्यांच्या घरी गेले तेव्हा टेबलापुढं दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. डावी त्यांची. उजवी हिराकाकूंची. काकू म्हणजे त्यांच्या मंडळी. मशीन चालू करायच्या आधी आप्पा वाकून त्याच्याभोवती फिरले, एकेक वायर बोटानं चाचपली, पंख्याशी कान लावला. हे ते रोज करायचे. इंजिन ताब्यात घेताना खालून वरून बघायचं, ती सवय त्यांच्या कमरेत बसली होती, गुडघे गेले तरी.

विमान ठरलेलं, लहान, चाकं पोटात घेणारं. मार्ग ठरलेला, शिर्डीहून पुणे. वाटेत आपला घोडनदीचा पट्टा दिसायचा आणि काकू "आलं गं बाई आपलं घर" म्हणून पडद्याला हात लावायच्या, की आप्पा "हात काढ, म्होरं बघ" म्हणून ओरडायचे. दौंड डाव्या अंगाला राहायचं. तिकडं विमान त्यांनी कधी वळवलं नाही.

विमान एकदा उठलं की घरात वेगळाच प्रकार सुरू व्हायचा. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की ड्रायव्हर त्याचा रंग मोठ्यानं बोलतो आणि असिस्टंट हात वर करून तोच रंग परत बोलतो. डोळ्यांच्या दोन जोड्या, दोन तोंडं, म्हणजे चूक व्हायला नको. ही पद्धत आप्पांनी विमानात आणली होती.

"उंची पाच हजार!" आप्पा.

"पाच हजार!" काकू. एक हात वर, दुसऱ्या हातात मेथीची जुडी.

"वेग एकशेवीस!"

"एकशेवीस!"

"उंची सहा हजार!"

"सहा..." काकूंनी चष्मा सावरून काट्याकडं बघितलं. "न्हाई! पाचच हाय! चुकलं तुमचं!"

"शाब्बास!"

काकू माझ्याकडं वळल्या. "बघ गं. सगळा संसार झाला, ह्या माणसानं मला कधी उलट बोलू दिलं न्हाई. आमटीत मीठ कमी हाय म्हणले की मी बी कमी हाय म्हणायची, मीठ बरोबर असलं तरी. आन् आता न्हाई म्हणलं की शाब्बास म्हणत्यात. डोकं फिरलंय."

"मी चुकलो की बोलायचं. जीव गेला तरी बोलायचं," आप्पा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

हे सगळं खिडक्या लावून चालायचं. आप्पांना त्याची फार लाज वाटायची. साठी उलटलेला माणूस, मोठ्या शेतकरी भावकीतला, दिवसाढवळ्या गेम खेळतो, हे बाहेर जायला नको होतं. कुणी विचारलं तर "ऑनलाइन उताऱ्याचं काम असतं" असं सांगायचे. मलाही तेच सांगायला लावलं होतं. शेवटी एक दिवस यार्डातले बबननाना हाक न मारता आत आले. विमान उतरायच्या बेतात, काकूंचा हात वर, आप्पा ओरडतायत, "धावपट्टी समोर!" नानांनी दारातनंच सलाम ठोकला.

"आप्पा, आमचं बी एक तिकिट काढा की दिल्लीचं! आन् ह्या हवाईसुंदरीला म्हणावं, च्या आण."

आप्पांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. चालू मशीन तसंच विझलं. दुसऱ्या दिवशी ते पिशवीत घालून माझ्याकडं घेऊन आले, कारण ते परत उघडेना.

"असं एकदम बंद करायचं नसतं, आप्पा."

"ठावं हाय."

"मग का केलं?"

"माणूस दारात हुता," ते म्हणाले. जणू एवढं सांगितलं की सगळं आलं. मी विंडोज परत टाकून दिलं. त्या गोष्टीनंतर यार्डात त्यांना काही दिवस 'पायलट' म्हणत होते. त्यांनी यार्डात जाणं सोडलं. भाजी काकू आणायला लागल्या.

मला एक सारखं वाटायचं, की या माणसाला विमानापेक्षा रेल्वेचा गेम जास्त आवडेल. तसे गेम आहेत, त्यात अगदी खरं इंजिन चालवता येतं. विमानाच्या गेमइतकं मशीनही लागत नाही. मशीन परत नेऊन बसवताना मी तो टाकून दिला, त्यांना न विचारता. सुरू केल्यावर इंजिनाची केबिन आली, समोर रूळ, लांबवर एक सिग्नल.

आप्पा उभे राहिले. "काढ."

"अहो, बघा तरी."

"काढ त्ये. वर सिग्नल नसतो म्हणून विमान घेतलंय मी." आणि मागच्या दारानं अंगणात निघून गेले. जाताना चप्पल घातली नाही.

त्या दिवशी काकूंनी मला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं. दौंडच्या पुढं एक लहान स्टेशन. तिथला सिग्नल त्यांच्या गाडीला रोज हिरवा असायचा. त्या दिवशी लाल होता. आप्पांच्या तोंडातून सवयीनं निघालं, "हिरवा!" शेजारी विलास होता. त्यानं हात वर केला आणि म्हणाला, "हिरवा!" मालगाडीचं इंजिन लालच्या पुढं गेलं. समोर काही नव्हतं, कुणाला खरचटलं नाही. पण रेल्वेत लाल म्हणजे लाल. दोघांनाही इंजिनावरून उतरवलं.

"चौकशीत ह्यांनी जे झालं त्येच सांगितलं," काकू म्हणाल्या. "मी हिरवा म्हणलो, त्यो बी हिरवा म्हणला. खोटं काय न्हवतं त्यात. पर ह्यांची नोकरी सरत आलेली. त्याची सगळी म्होरं. आता टेबलावर बसवलाय त्याला, फायली हिकडनं तिकडं. आन् त्याचा बाप रेल्वेतला गार्ड, दौंडात नावाजलेला माणूस. त्यो पोराशी नीट बोलत न्हाई तवापासनं."

"मग आप्पा भेटले नाहीत त्याला?"

"भेटायचं कसं? त्याला लाल दिसला हुता का, ह्ये ह्यांनी कधी इचारलंच न्हाई. दिसला नसंल तर चूक दोघांची. आन् दिसला असंल तर मंग त्यो ह्यांच्या भ्यानं हिरवा म्हणला. असिस्टंट लोकांना लई धाकात ठेवायचे हे. एकदा विलास नुस्तं म्हणला, आप्पा, स्पीड जास्त वाटतंय. मला शिकवतो का म्हणून ह्यांनी त्याला म्होरलं स्टेशन येईस्तोवर खुर्चीवर बसू दिलं न्हाई." काकूंनी गॅस बारीक केला. "दौंडला माझी भन हाय. तिच्याकडं बी येत न्हाईत."

त्यानंतर मी त्या घरात गेले की मला ते दोघांचं ओरडणं वेगळं ऐकू यायला लागलं. आप्पा मुद्दाम चुकायचे आणि काकूंनी नाही म्हटलं की त्यांचे खांदे खाली यायचे. एखाद्या वेळी काकूंचं लक्ष नसायचं, त्या चुकीचाच आकडा परत बोलायच्या. मग आप्पा विमान तसंच सोडून कपाळाला हात लावून बसायचे. मला तिथं उभं राहणं जड जायचं. दुसऱ्याची लाज अशी समोर मांडलेली असली की आपण कुठं बघावं ते कळत नाही. मी वायरी बघायचे.

पुढं गेमचं नवीन रूप आलं, आणि ते मशीनला झेपेना. शिर्डीहून उठेपर्यंत ठीक, पण पुणं जवळ आलं की इमारतींची गर्दी व्हायची आणि विमान ठेचकाळायचं. दुसरा कुणी असता तर माझ्या नावानं बोंबलला असता. आप्पा म्हणाले, "गाडी जुनी हाय म्हणून ड्रायव्हर सुटत न्हाई. काय कमी करायचं त्ये सांग." आम्ही एकेक गोष्ट कमी केली. आधी सावल्या. मग विमानतळावरच्या गाड्या आणि माणसं. मग लांबची झाडं. ढग सोडताना काकू हळहळल्या. शेवटी मी चित्रांचा वेग एका सेकंदाला तीसवर बांधून टाकला.

"मशीन साठला पण जातंय, पण कधी साठ, कधी वीस. त्या खालीवर होण्यातच धक्का आहे. तीसला बांधलं की तीसच राहील."

"पळायचं आन् थांबायचं करण्यापरीस एका चालीनं जायचं."

"तेच."

ते विमान त्या दिवसापासून असं तरंगायला लागलं की विचारू नका. चित्र साधं, पुणं म्हणजे नुसती खोकी, पण धक्का नाही. आप्पांनी मला पेढे दिले.

विलासला बोलावलं ते काकूंनी. बहिणीकडं दौंडला गेल्या होत्या, तिथून सरळ त्याच्या घरी गेल्या आणि रविवारी जेवायला ये म्हणून सांगून आल्या. आप्पांना कळलं तेव्हा ते पुष्कळ ओरडले. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चुकलं तुमचं. तुम्हीच म्हणता न्हवं, चुकलं की बोलायचं?"

रविवारी सकाळी आप्पांनी मला फोन करून बोलावून घेतलं. मशीनमध्ये सगळं वाढवून दे म्हणाले. ढग, सावल्या, झाडं, सगळं.

"झेपणार नाही, आप्पा. पुण्यावर अडकेल. तीसचं बंधनही काढू नका."

"आज पाव्हणा येणार हाय."

"पाहुण्याला धक्का बसेल."

"त्याला काय दाखवू? खोकी?"

मी वाढवून दिलं. मशीन त्यांचं, घर त्यांचं.

विलास एसटीनं आला. चाळिशीचा, केस मागं हटलेले, हातात केळ्यांची पिशवी. आल्या आल्या वाकून पाया पडला. आप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. जेवताना दोघं पाण्याबद्दल बोलले, कांद्याच्या भावाबद्दल बोलले, शिरूरच्या उड्डाणपुलाबद्दल बोलले. जेवण झाल्यावर आप्पा म्हणाले, "चल, तुला विमान दावतो." काकूंनी आपली खुर्ची त्याला दिली आणि स्वतः मागं माझ्याजवळ स्टुलावर बसल्या.

सुरुवात फार सुंदर झाली. ढगांचे डोंगर, खाली शेतांचे तुकडे, नदीवर ऊन. विलास लहान मुलासारखा बघत होता. "आप्पा, लई भारी!" आणि आप्पांनी पहिली हाळी दिली तसा त्याचा हात आपोआप वर गेला.

"उंची सहा हजार!"

"सहा हजार!"

तो आवाज काकूंपेक्षा किती वेगळा होता. तालावर, ठणठणीत, शब्द संपायच्या आत शब्द. दोघांच्या पाठी ताठ झाल्या होत्या. आप्पांनी एकदाही मुद्दाम चुकीचं काही सांगितलं नाही.

पुणं आलं. सावल्या, इमारती, झाडं, सगळं एकदम समोर आलं आणि व्हायचं तेच झालं. विमान अडखळलं, थांबलं, उडी मारून पुढं गेलं. त्याच वेळी आप्पांनी चाकं खाली घ्यायचं बटण दाबलं. मशीन अडकलेलं असताना दाबलेलं बटण कधी कधी लागत नाही. चाकं बाहेर आली की पडद्याच्या खालच्या बाजूला तीन हिरवे दिवे लागतात. दिवे लागले नव्हते. आप्पांचे डोळे धावपट्टीवर होते.

"चाकं खाली! तीन हिरवे!"

विलासनं दिव्यांकडं बघितलं. मी त्याच्या मागंच होते, त्याची मान वळलेली मला दिसली. त्यानं बघितलं, आणि नंतर आप्पांच्या तोंडाकडं बघितलं. हात वर केला.

"तीन हिरवे!"

"न्हाई!" काकू मागून किंचाळल्या. "दिवं न्हाईत! अवो, दिवं न्हाईत!"

विमान पोटावर घासत गेलं आणि पडदा तिथंच थांबला.

मशीनचे पंखे तेवढे जोरात फिरत होते. आप्पांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"विलास, दिवं लागलं न्हवतं. दिसलं का तुला?"

"गेमच हाय, आप्पा. मशीन अडकलं."

"मी काय इचारलं?"

"दिसलं."

"तवा बी दिसला हुता का?"

विलास टेबलावरच्या बटणांवरून बोट फिरवायला लागला. "जाऊ द्या ना आता."

"लाल दिसला हुता का तुला?"

"व्हय," तो म्हणाला. "पर तुम्ही हिरवा म्हणलात. मला वाटलं माझंच कायतरी चुकतंय."

"चौकशीत का न्हाई बोललास?"

"काय बोलू? दिसून बी हिरवा म्हणलो, असं? त्यापरीस दिसलाच न्हाई म्हणलेलं बरं."

"आन् घरी? वडलांना?"

विलास हसला, म्हणजे तोंड हसल्यासारखं केलं. "तुमचं नाव कसं घ्यू घरात? तुमचं नाव घेऊन वाढलोय आम्ही."

आप्पा उठले. खुंटीवरची टोपी घेतली. मला म्हणाले, "इंजिनेर, तुझी व्हॅन हाय न्हवं? दौंडला सोड."

आप्पा आता नाहीत. त्यानंतरही ते दुकानात येत, मुद्दाम चुकीचं बोलून मला पारखत, चहा पीत. पण मला त्यांची आठवण येते ती दुकानातली नाही. ती दौंडची, विलासच्या वडलांच्या अंगणातली.

व्हॅनमध्ये काकूही बसल्या. वाटेत विलास फक्त एवढं म्हणाला, "आप्पा, दादांना आता ऐकायला येत न्हाई. कानाचं मशीन घेतलंय पर घालत न्हाईत." दादा म्हणजे त्याचे वडील. आप्पांनी मान हलवली. दौंडात शिरल्यावर उजवीकडं रुळांचं जाळं दिसायला लागलं, तेव्हा मी आरशातून बघितलं. ते डोळे उघडे ठेवून बघत होते.

घर रेल्वेवाल्यांच्या एका दाट गल्लीत. समोरच्या नळावर बायका भांडी घेऊन उभ्या होत्या. दादा अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले, अंगात बंडी, वयानं आप्पांपेक्षा बरेच मोठे. विलासनं वाकून त्यांच्या कानात आप्पांचं नाव ओरडून सांगितलं. म्हाताऱ्याच्या लक्षात आलं तसा तो धडपडत उभा राहिला आणि त्यानं आप्पांचे दोन्ही हात धरले.

"या ड्रायव्हरसाहेब, या. मीच येणार हुतो तुमच्याकडं, पर कुठल्या तोंडानं येऊ? आमच्या पोराला दिवा दिसला न्हाई आन् तुमच्यासारख्या माणसाची नोकरी नासली. माफी करा."

मी खाली बघितलं. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"दादा, त्याला दिसला हुता," आप्पा म्हणाले.

"आं?"

"दिसला हुता!"

"बसा की. सूनबाई, पाणी आण."

आप्पांनी आवाज चढवला. "लाल हुता! त्याला लाल दिसला हुता! मी हिरवा म्हणलो!"

"काय म्हणत्यात?" दादांनी सुनेला विचारलं. नळावरच्या बायकांचं बोलणं थांबलं. समोरच्या दुकानातला माणूस पायरीवर येऊन उभा राहिला.

"आप्पा, हळू," विलास त्यांच्या दंडाला धरून म्हणाला. "लोक बघत्यात. आत चला."

"बघू दे."

यार्डातल्या एका माणसानं बघितलं म्हणून ज्यानं चालतं मशीन विझवलं होतं, तो दौंडच्या भर गल्लीत, ओळखीच्या रेल्वेवाल्यांच्या समोर, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता. त्यांनी दुसरी खुर्ची ओढून दादांच्या खुर्चीला भिडवली, बसले, एक हात म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि तोंड त्याच्या कानाशी नेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. सिग्नल लाल हुता. मी बघितलं न्हाई. तुमच्या पोरानं बघितलं. माझ्या भ्यानं त्यो बोलला न्हाई. एकेक वाक्य, थांबून, पुन्हा तेच वाक्य.

कितव्या वेळी ते दादांच्या कानात शिरलं, मला सांगता येणार नाही. एवढं दिसलं की त्यांनी मान हळूहळू आप्पांवरून काढून घेतली आणि ते विलासकडं बघायला लागले. विलास उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या धरून उभा होता.

आप्पांना ते दिसलं नाही. त्यांनी डोळे गच्च मिटले होते, आणि ते ओरडून सांगतच होते.